टाकीचं विरजण

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनींचे गुडघे जरा वळणावर आले असतील आणि लेक परीक्षेच्या अभ्यासाला लागली असेल, असं धरून चालते. तुझं शेवटचं पत्र येऊन सात महिने झाले. फोन तू उचलतोस, नाही असं नाही, पण 'बरं आहे ना सगळं? ठेवू मग?' एवढ्यात आटोपतोस. म्हणून पुन्हा कागद घेऊन बसले. कागदाला मधेच कापता येत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मुख्य बातमी म्हणजे आपलं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र मोठं होतंय. ओढ्यापलीकडच्या चारही वस्त्या जोडायचं ठरलं. आजवर साठ घरांचं सांडपाणी यायचं, आता तीनशे घरांचं येणार. शुद्ध झालेलं पाणी खालच्या मळ्यांना जातंच, शिवाय पलीकडच्या उतारावर नवी फळबाग लावायची आहे. गेल्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि आपल्या खालच्या मळ्यांत तेवढं हिरवं राहिलं, तेव्हा पलीकडच्यांचे डोळे उघडले. पूर्वी हीच माणसं नाकाला रुमाल लावून आपल्या फाटकावरून जायची.

नवी टाकी बांधून झाली आहे, फक्त रिकामी आहे. तिला विरजण लावायचंय. तूच शिकवलंस ना, दुधाला विरजण लागतं तसं मैल्यालाही लागतं, चांगल्या चालत्या टाकीतला जिवंत गाळ आणून ओतला की त्यातले जंतू नव्या घरी संसार थाटतात. पाच-सहा टँकर गाळ आपल्याच जुन्या टाकीतून न्यायचा आहे. तो चांगला आहे. रोज सकाळी बरणी भरून अर्धा तास ठेवते. गाळ तळाला बसतो, वर पाणी नितळ राहतं, वास ओल्या मातीचा. तू बघितलंस तर नावं ठेवायला जागा सापडणार नाही. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर तेवढा म्हातारा झालाय, सुरू करताना तीनदा खोकतो.

समितीचे अध्यक्ष अजून मास्तरच आहेत. शाळा सुटून नऊ वर्षं झाली तरी टाकीत डोकावून मला विचारतात, 'काय म्हणतायत आपले विद्यार्थी?' मी सांगते, 'खाण्यापुरते हजर आहेत, मास्तर.' तुझ्या जागी मला 'तात्पुरती' म्हणून घेतलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली.

तर परवाच्या बैठकीत मास्तरांनी तुझं नाव काढलं. म्हणाले, 'ज्याने पहिलं विरजण लावलं त्यालाच दुसरं लावायला बोलवू. माणसाच्या हातून चूक होते. किती वर्षं धरून ठेवायची?' किराणावाले समोरच होते. त्यांची मुलगी तेव्हा आठ दिवस दवाखान्यात होती, तू विसरला नसशील. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, भावाच्या आठवणीने भरून आलं.

बाबांचं लिहायचं राहिलं. खरं तर तेच आधी लिहायला हवं होतं. त्यांना विसर पडायला लागला आहे. खालच्या मळ्याचा व्हॉल्व्ह सकाळी उघडतात, घरी येतात, चहा पितात आणि पुन्हा उघडायला निघतात. मागच्या आठवड्यात शुद्ध पाण्याचं साठवण तळं निम्मं रिकामं झालं. मी व्हॉल्व्हला कुलूप लावलं तर दिवसभर किल्ली शोधत बसले. डॉक्टर म्हणाले हे वाढत जाणार. जुनं मात्र सगळं लख्ख आठवतं. तुझं नाव निघालं की अजून तोंड फिरवतात, 'आई गेली तेव्हा हा गटारात होता,' म्हणतात. मी सांगते, त्याला कळलंच नव्हतं, फोन लागला नाही. पण ते ऐकत नाहीत.

तू ये, दादा. विरजणाच्या निमित्ताने का होईना, ये. ते तुला ओळखतायत तोवर ये.

वहिनींना नमस्कार, लेकीला खूप खूप माया.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. ते मी टाकीच्या कट्ट्यावर बसून वाचलं. त्या दिवशी बरणी भरायची राहून गेली, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तू लिहिलंस, 'मी येणार नाही. त्या आठवड्यात वीज वाचवायला मी ब्लोअर रोज दुपारी दोन तास बंद ठेवत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानेच विरजण मेलं आणि चौदा माणसं आजारी पडली. बाबांनी माझ्या शब्दावर लोकांसमोर त्या पाण्यावरचा पहिला टोमॅटो खाल्ला होता, त्यांचीही मान खाली गेली. आता तुला सांगून टाकलं. मी पुन्हा टाकीला हात लावणार नाही.'

आणि मला वाटत होतं, तू मनातून ओळखून असशील की तुझी काही चूक नव्हती. लोकांनी खापर फोडलं, तू मानी, म्हणून निघून गेलास. गावोगावच्या टाक्या सोडून बस स्टँडवर तिकिटं फाडत बसलास तो रागाने, अशीच माझी समजूत होती. या समजुतीवर मी अकरा वर्षं जेवले, झोपले. तू स्वतःलाच दोष देत बसला आहेस हे मला कधी सुचलं नाही. सुचू दिलं नाही असं म्हण.

ब्लोअर दोन तास बंद राहिला तर विरजण मरत नाही, दादा. सुस्तावतं. इथे वीज जाते तेव्हा चार-चार तास बंद असतो, एकदा आख्खा दिवस बंद होता. वास मारतो, दोन दिवस पाणी गढूळ येतं, मग पुन्हा मार्गाला लागतं. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण तू घाबरलास आणि हाताशी जी चूक सापडली ती आपली म्हणून घेतलीस.

विरजण मी मारलं. मोरचुदाने.

आता सगळं सरळ सांगते. आई अंथरुणाला खिळून पाचवा महिना होता. मागच्या अंगणातल्या झाडाची मुळं आपल्या मोरीच्या पाइपात शिरली होती. पाणी तुंबायचं, मोरीतून वर यायचं, आणि मोरी तिच्या खोलीला लागून. तू म्हणालास, पाइप खणून काढू, झाड तोडावं लागेल. आई नको म्हणाली. ते तिने लावलेलं, खिडकीतून तेवढंच दिसायचं. तू म्हणालास, बरं, रविवारी बघतो. तुझे तीन रविवार टाकीवर गेले. हे तुला टोचायला लिहीत नाही, तसं झालं म्हणून लिहितेय.

तुला एक माहीत नाही. आईला वाटायचं तो वास तिचाच आहे. मला म्हणाली, 'माझ्यामुळे घर नासलं गं.' मी सांगून थकले की आई, पाइप तुंबलाय. तिला ते पटलं नाही. तिने पाणी पिणं कमी केलं, म्हणजे उठवावं लागणार नाही, म्हणजे वास येणार नाही. घोटभर पाणी ओठांना लावायची आणि पुरे म्हणायची. दुपारी मी चादर बदलायला गेले की डोळे मिटून घ्यायची. माझ्याकडे बघायची तिला लाज वाटत होती. आपल्या आईला, माझी.

बाबांच्या फवारणीच्या खोलीत मोरचुदाचं, बुरशीवर मारायच्या त्या निळ्या खड्यांचं, पंचवीस किलोचं पोतं होतं. मोरचुदाने पाइपातली मुळं जळतात, हे रोपवाटिकेवाल्याकडून कधीतरी ऐकलं होतं. मूठभर पुरतं असंही तो म्हणाला होता. मी आधी मूठभरच टाकलं. काही झालं नाही. मग तांब्याभर टाकलं, गरम पाण्याबरोबर. संध्याकाळी पाणी पुन्हा वर आलं आणि पलीकडून आईचं ते हळू आवाजातलं 'अगं बाई, पुन्हा' ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सगळं पोतं रिकामं केलं. माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते, ते मी लिंबाने घासून काढले.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. टाकीत काय चालतं, काय चालत नाही, हे तू मला शिकवलं होतंस. घरोघरी तो कागद वाटायला मीच गेले होते: तेल नको, फिनाइल जपून, शेतीचं औषध तर मुळीच नको. पोतं ओतताना तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. मी मनाशी म्हटलं, साठ घरांच्या पाण्यात काय कळतंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाइप मोकळा झाला. घळघळ पाणी गेलेलं आईलाही ऐकू आलं. मी खिडकी उघडली, मोरी धुतली. तिने पेलाभर पाणी मागून घेतलं आणि सगळं प्यायली. म्हणाली, 'गेला बघ वास. झाड पण राहिलं.' किती दिवसांनी हसली होती. त्याच सकाळी तू टाकीवरून धावत आलास, तुझा चेहरा पांढरा पडला होता. 'टाकी फेसाने भरलीय,' म्हणालास, 'बरणीत काही बसतच नाही.' आई हसत होती आणि तू दारात उभा होतास. त्या वेळी बोलायचं होतं. मी तुला विचारलं, 'चहा घेतोस?'

तोवर दोन दिवसांचं शुद्ध न झालेलं पाणी खालच्या मळ्यांतल्या भाजीला गेलेलं होतं. पुढचं तुला माहीत आहे. चौदा माणसं आजारी पडली. बाजाराने आपल्याकडची भाजी 'गटारातली' म्हणून परत पाठवली. तू मोठ्या शहरातून नवं विरजण आणायला टँकर घेऊन गेलास आणि आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तू आलास, आधी टँकर रिकामा केलास, मग घरी आलास. बाबा दारात उभे होते. 'आधी तिकडचं उरकून आलास ना? आता तिकडेच राहा.' मी त्यांच्या मागे उभी होते.

पुढे फवारणीच्या वेळी बाबांनी पोतं शोधलं, तेव्हा भिजून वाया गेलं म्हणून सांगितलं. झाड त्याच वर्षी एका बाजूने वाळलं. बाबा म्हणायचे, तिच्या मागे गेलं. मी हो म्हणायची.

आणि मग समितीने मला विचारलं, तुला येतं ना सगळं, सांभाळशील? मी तुझी जागा घेतली, दादा. पगार घेतला, शाबासकी घेतली. मुलीने भावाचं नाव राखलं असं लोक म्हणाले, तेही ऐकून घेतलं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढंच वाचून घे की तू काही मारलं नव्हतंस.

धाकटी


२१ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघितली नाही, असं लिहिणार होते, पण पोस्टमन रोज विचारतो, 'ताई, आज पण फाटकातच?' तेव्हा खोटं कशाला लिहू.

समितीला सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, 'हे नोंदवावं लागेल.' ज्या वहीत तुझा दोष लिहिला होता तीच वही काढली आणि त्या नोंदीखाली माझ्याच हाताने लिहून घेतलं. किराणावाले उठून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मुलीचं आता लग्न ठरलंय. नव्या टाकीला विरजण लावून होईपर्यंत मी काम करायचं, पलीकडच्या वस्तीतल्या दोघींना शिकवायचं आणि महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या, असं ठरलं. रास्त आहे. पाच टँकर गेले. परवा नव्या टाकीची बरणी भरली तर गाळ नीट बसला. नेहमीसारखं आधी तुलाच सांगावंसं वाटलं.

अजून एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. एवढं सगळं लिहिलं आणि हे ठेवून दिलं, यावरून तुझी बहीण कशी आहे ते समज. फोन लागला नाही हे खरं नाही. मी केलाच नाही.

आई सकाळपासून श्वास ओढत होती. बाबा म्हणाले, 'दादाला फोन कर, असेल तसा निघून ये म्हणावं.' मी मागच्या अंगणात गेले, तुझा नंबर काढला. तू शहरात त्या मोठ्या केंद्रात होतास, तिथे प्रयोगशाळा होती. मेलेला गाळ तपासायला तू बाटलीत भरून नेला होतास. मला वाटलं, फोन उचलशील आणि पहिलं म्हणशील, 'अगं, यात मोरचूद निघालंय, कुठून आलं असेल?' आणि त्यावर माझा आवाज मला आवरणार नाही. मी अंगणात दहा मिनिटं उभी राहिले. आत जाऊन बाबांना म्हटलं, लागत नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तू तीन तासांच्या अंतरावर होतास. आई पाच तासांनी गेली. मधे एकदा तिने दाराकडे बघून विचारलं, 'आला का?' मी म्हटलं, 'निघालाय.'

तुझ्या त्या बाटलीत कुणी मोरचूद शोधलंच नाही हे मला नंतर कळलं.

विरजण मारलं ते आईसाठी, असं मी स्वतःला कितीही समजावू शकते. फोन केला नाही तो माझ्यासाठी. त्यासाठी मला कुणाचंच नाव पुढे करता येत नाही.

हे मी बाबांना सांगितलं. सगळं, मोरचूद आणि फोन, दोन्ही. महिन्याच्या पहिल्या तारखेला, चारच्या चहाला. त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाले, 'ऊठ माझ्यासमोरून.' मी उठले. थोड्या वेळाने बघते तर त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस विंचरले होते आणि ओसरीवर दाराकडे तोंड करून बसले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, कोण येणार आहे? 'मोठा,' म्हणाले. 'त्याला मी दारातून परत पाठवला. त्याचा काही दोष नव्हता.' साडेसातला जेवून झोपले.

सकाळी सगळं पुसलं गेलेलं. मी मुद्दाम तुझं नाव काढलं, तर तोंड फिरवून तेच, 'आई गेली तेव्हा हा गटारात होता.'

तेव्हापासून मी रोज सांगते. ते रोज पहिल्यांदाच ऐकतात. एक दिवस माझ्यावर हात उगारला, एक दिवस लहान मुलासारखे रडले, एक दिवस नुसतं म्हणाले, 'मग पोराला अजून बाहेर का उभं केलंय?' काकू मला रागावतात, 'म्हाताऱ्याला रोज कशाला जाळतेस? आणि स्वतःलाही?' त्यांचं बरोबर असेल. पण मी सांगितलं नाही तर ते तुझ्यावर रागावलेलेच मरतील, आणि ते मला होऊ द्यायचं नाही. पण आता हळूहळू समजायला जास्त वेळ लागतोय. पहिल्या दिवशी पाव तासात लक्षात आलं होतं, परवा पाऊण तास लागला. काल दोनदा मधेच विसरले की आपण कुणाबद्दल बोलतोय. एक दिवस येईल की मी सांगेन आणि त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. डॉक्टर म्हणतात, फार लांब नाही.

म्हणून हे पत्र. माझ्यावरचा राग ठेव, तो तुझा आहे. फक्त वेळ लिहून घे. चारला मी सांगायला बसते. पाचपर्यंत त्यांना पटतं. साडेसातला ते झोपतात. रोज पाच ते साडेसात, अडीच तास, या घरात तुझा काही दोष नसतो आणि बाबा सदरा बदलून तुझी वाट बघत बसलेले असतात.

त्या वेळात ये. काकू घरात असतात, त्यांना सगळं माहीत आहे. मी पाचला टाकीवर जाते. तू गेलास असा निरोप येईपर्यंत मी तिथून हलणार नाही, तेव्हा माझं तोंड बघावं लागेल म्हणून अडू नकोस.

आईला 'निघालाय' म्हणून खोटं सांगितलेली,
तुझी बहीण